मुठीचा डबा

आई,

तुझा मुठीचा डबा अजून माझ्या ओट्यावरच आहे. तुझ्या नातवानं दोनदा तो भंगारवाल्याला द्यायला काढला आणि दोन्ही वेळा मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचाऱ्यानं तो परत जागेवर ठेवला. झाकणावरचा पोपट कधीच उडालाय, बुडाला गंज धरलाय, उघडायचं म्हटलं की फटीत चमच्याचा दांडा घालावा लागतो. सुनेला वाटतं, म्हातारीला जुन्या पत्र्याचा सोस आहे. भात टाकायच्या आधी मी रोज त्या डब्यावर हात नेते हे ती बघते, पण मुठीत काय असतं ते तिनं कधी विचारलं नाही. बरंच आहे. मला खोटं बोलायला लागलं असतं आणि या वयात ते जमत नाही.

तुझं स्वयंपाकघर म्हणजे काय, आडोशाला एक चूल, पाटा-वरवंटा आणि हा डबा. आधण ठेवलं की पहिली मूठ देवाची, मग आपलं माप. घरात पाहुणे असोत नाहीतर कुणी आजारी असो, तू ती मूठ चुकवली नाहीस. रविवारी सगळ्या बायका पदराखाली आपापले डबे घेऊन चर्चला यायच्या आणि उपासनेच्या आधी वेदीजवळच्या पोत्यात तांदूळ ओतायच्या. कुणाचा खळ्ळकन, कुणाचा थोडासा. ते धान्य मंडळीतल्या विधवांना आणि आजाऱ्यांना जायचं. लहानपणी मला वाटायचं, विधवा आणि आजारी म्हणजे दुसरीच कुठली तरी माणसं असतात.

मग बाबा गेले. शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर होते, काळ्या वाळूत हात घालून इंजिनाचे साचे करायचे आणि घरी आले की आधी बादलीभर पाण्यानं अंग धुवायचे. छातीच्या दुखण्यानं सहा आठवड्यांत संपले. मी तेव्हा मिरजेला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. परक्यांच्या बापांची अंथरुणं बदलत होते, त्यांना भरवत होते आणि ड्युटी संपली की प्रार्थनाघरात गुडघे टेकून स्वतःच्या बापासाठी रडत होते. सहा आठवड्यांत एक दिवस चुकवला नाही. बाबांच्या मातीला आले ती परत गेलेच नाही. तुला सांगितलं, मला नर्स व्हायचं नाही, चर्चला यायचं नाही, कुणी प्रार्थनेला घरी आलं तर मी मागच्या दारानं बाहेर जाणार. तू एवढंच म्हणालीस, "बरं." मला तर भांडण हवं होतं, आई. ते तू दिलंच नाहीस.

पावसाळा होता. तुझं मिरची कांडपाचं काम उन्हाळ्यातलं, त्यामुळे तू घरीच. एका दुपारी चर्चच्या त्या पोत्यातले तांदूळ आपल्याच दारात आले. चर्चच्या पंचकमिटीतले म्हातारे पिशवी उंबऱ्यात ठेवून खाली बघतच निघून गेले, आणि तूही मान खाली घालून ती आत घेतलीस. त्या दिवशी मला कळलं की विधवा म्हणजे तू. आणि त्याच संध्याकाळी तू आधण ठेवलंस आणि तुझा हात डब्यावर गेला. माझं डोकंच फिरलं.

"त्याच्याच पोत्यातलं घ्यायचं आणि त्यालाच परत द्यायचं, हा काय पोरखेळ आहे? आपल्यासाठी काय केलं त्यानं?"

तू चुलीकडंच बघत होतीस. "भांडायचं आसंल तर त्याच्याशी भांड. त्येला सवय हाय. माझ्याशी भांडू नको, मला भात करायचाय."

आता ते आठवून हसू येतं. तेव्हा मी ताट सरकवून उठले होते.

त्यानंतर आठवडाभरानं, एका शनिवारी, तू पाण्याला गेली असताना मी डबा उघडला. खरं सांगते, त्यातले तांदूळ काढून रात्रीच्या भातात घालायचे आणि तुझ्या पुढ्यात वाढायचे, असा माझा बेत होता. बघू देव काय करतो ते. झाकण निघालं आणि आत काहीच नव्हतं. कोपऱ्यात एक मेलेला किडा. मी डबा उलटा करून आपटला, तेवढ्यात तू घागर घेऊन दारात उभी.

मी म्हटलं, "यात दाणा नाही. रोज तू काय टाकतेस मग?"

तू घागर उतरवलीस, चुंबळ काढलीस, सावकाश टेकलीस. "काय न्हाय टाकत."

"घरात तांदूळ नाही म्हणून?"

"तांदूळ हाय की. द्यायला मन न्हाय." मग चुंबळ उलगडत, "तुझं बाबा गेल्यापासनं मूठ उघडतच न्हाय बघ. प्रार्थनेला डोळं मिटलं की नुसता अंधार दिसतोय. त्येला म्हनलं, माझ्याकडं तुला द्यायला काय न्हाय. पर हात तेवढा नेते. हातच इसरला तर परत कोन शिकवनार?"

मला वाटत होतं की तू दगडासारखी घट्ट आहेस आणि मी एकटीच मोडले आहे. दोन महिने एका चुलीशी बसून आपण दोघी एकाच देवावर रुसलो होतो आणि एकमेकींना पत्ता नव्हता. मला तुझी फार माया आली. मी उठून गुपचूप कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दर रविवारी तू तो रिकामा डबा पदराखाली धरून रांगेत शेवटी उभी राहत असणार आणि आवाज होऊ नये म्हणून पोत्यात हात खोल घालून तो उलटा करत असणार, हे मला रात्रभर दिसत राहिलं. घरातले तांदूळ घेतले असते तर तुला माप कळलं असतं. म्हणून पहाटेच मी शेजारच्या खालाकडं गेले. गाद्या शिवणारी मुसलमान बाई, सगळ्या गल्लीची खाला. तिच्या दारात सदा कापूस उडत असायचा. वाटीभर तांदूळ दे म्हटलं, आणि कशाला ते पण सांगितलं. तिनं वाटी शीग लावून भरली. "तुमच्या देवाला आमचा तांदूळ चालतोय का गं?" म्हणाली. "चालत आसंल तर ने की."

तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात मी ते डब्यात ओतले. आणि म्हटलं, मी पण येते.

पोत्यापाशी तू डबा उलटा केलास आणि खळ्ळकन आवाज झाला. तुझा हात तसाच राहिला. तू वाकून पोत्यात बघितलंस, मूठभर उचलून नाकाशी नेलंस, खाली सोडलंस आणि माझ्याकडं न बघता बाकावर येऊन बसलीस. देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष कुणाला द्यायचीय का, असं पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा तू उभी राहिलीस. आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेली तू.

"माझा डबा दोन म्हयनं रिकामा हुता. आज त्यात दाणं हाईत. मी टाकल्यालं न्हाईत. माझ्या घरातलं मेल्यालं काय तरी परत उठून बसलंय, एवढंच सांगते."

बायका डोळे पुसत होत्या. मी लाजेनं चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसले. आईला फसवलं, तेही देवाच्या घरात. मंगळवारी मी एसटीनं मिरजेला परत गेले. तांदळामुळे नाही, आई. तुझ्या रिकाम्या मुठीमुळे. मन नसताना तू हात नेऊ शकतेस, तर मन नसताना मी वॉर्डात जाऊ शकते, एवढाच विचार होता. पहिले कितीतरी महिने मी मन नसतानाच नाडी मोजली, मलमपट्टी केली, प्रार्थनेला उभी राहिले. मन मागून आलं, सावकाश. कधी आलं ते मला कळलंही नाही.

ती तांदळाची गोष्ट तू मरेपर्यंत सांगत राहिलीस, प्रत्येक घरगुती प्रार्थनेत, प्रत्येक खचलेल्या बाईपाशी. प्रत्येक वेळी मी चहाचं बघायला म्हणून आत जायचे. तुझ्या मातीच्या दिवशी शेवटी मी खालाजवळ रडत बोलले, की आईला मी खरं सांगितलंच नाही.

खाला म्हातारी झाली होती, पण तिनं माझ्या दंडाला चिमटाच काढला. "येडी का काय गं तू? आमचा तांदूळ आजऱ्याकडचा, वासाचा. तुमच्या पोत्यात जाडाभरडा. तुझ्या आईला वास आला न्हाई व्हय? त्याच दुपारी वाटी परत द्यायला आली. म्हनली, पोरीनं देवाच्या डब्यात हात घातला बघ. मला कळलंय हे तिला सांगू नगंस, लाजंल."

म्हणजे तू साक्ष दिलीस ती तांदळाची नव्हतीच. ती माझी होती. आणि मी तुझ्या शेजारी बसून चपलेचा पट्टा ओढत होते.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे, माझे मालक जाऊन परवा वर्ष झालं. मंडळीतल्या बायका मला देवावरच्या विश्वासात पक्की समजतात, धीर घ्यायला माझ्याकडं येतात, आणि मीही देते. पण डोळे मिटले की मलाही अंधारच दिसतो. घरात तांदूळ भरपूर आहे, आई. तरी वर्षभर मी मूठ रिकामीच नेते आहे, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं?

पत्र पाठवणार तरी कुठं, म्हणून हेही लिहून टाकते. आज सकाळी डब्यात चार दाणे पडल्याचा आवाज आला. मी ते टाकले, की ओल्या हाताला चिकटून आले होते, ते मला अजून सांगता येत नाही. पण मी ते काढले नाहीत.