हिला ताप कळतो

तीर्थस्वरूप आतोबांस पलंगावरूनच साष्टांग नमस्कार. (नाहीतरी साष्टांगाला आडवंच व्हावं लागतं, ती सोय आपोआप झाली.) तुमची कंबर कशी आहे? आत्याचा बसलेला घसा सुटला का? सुटला असेल तर कंबर राहू दे, कानांची काळजी घ्या. माझ्या प्रकृतीचं म्हणाल तर मी ठणठणीत आहे, आणि पंचाईत तीच आहे. मी आजारी होतो हे पटलं नाही, तर माझी नोकरी जाते.

झालं असं की आमच्या गाद्यांच्या कारखान्यात फोम पेटण्याआधीच कळावं म्हणून छताखालून, थप्प्यांवरून एक लाल तार फिरवली आहे. कुठे फार तापलं की तिचं आतलं आवरण वितळतं, आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि घंटा बोंबलते. (आपल्या घरातल्या दोघी जावांचं उलट. त्या एकत्र आल्या की सगळं चिडीचूप होतं, आणि तेव्हाच आपल्याला धडकी भरते.) तार बसवणारा इंजिनिअर मितभाषी. जाताना "हिला ताप कळतो" एवढंच बोलला. आमच्या सुपरवायझरांनी (पाठीमागे आम्ही त्यांना 'नियम' म्हणतो) ते शिरोधार्य मानलं. दुसऱ्या दिवसापासून आजारपणाची रजा हवी असेल तर शिडीवर चढून तारेला कपाळ लावायचं. घंटा वाजली तर घरी, नाही तर कामावर. आता ती तार उकळत्या पाण्याएवढी धग लागली तरच वितळणारी, माणसाच्या तापाला हिंग लावूनही विचारत नाही. शिवणवाल्या बाई हुडहुडी भरून थरथरत होत्या, तार गप्प. गोंदवाल्याचे दोन्ही गाल गालगुंडाने फुगले, तरी तार गप्प. कारखान्याचं आरोग्य इतकं सुधारलं की मालकांनी नियमसाहेबांचा सत्कार केला.

अशात मला ताप भरला. खरा, डोळ्यांतून वाफा येतील असा. शिडीवर चढून मी तारेला कपाळ लावलं, गाल लावले, शेवटी मिठी मारली. ती ढिम्म. खालून नियमसाहेब म्हणाले, "नाटकं पुरे झाली, उतरा." आतोबा, मला रडूच आलं हो. मग सरळ खाली आलो, पिशव्या चिकटवायची गरम इस्त्री सदऱ्याआड घेतली, पुन्हा चढलो आणि तारेला टेकवली.

सगळा कारखाना मैदानात. बंब आला. त्यांनी आग शोधली, सापडलो मी. नियमसाहेब अभिमानाने म्हणाले, "आग नाही हो, याला ताप आहे!" बंबवाल्यांच्या प्रमुखाने माझ्या कपाळाला हात लावला, आणि माणूस कर्तव्यदक्ष, त्याने पाइप माझ्यावर सोडला. ताप जागच्या जागी उतरला. रजाही मिळाली. पण तारेचा वितळलेला तुकडा कापून नवा जोडावा लागला, तो पाहून मालकांना शंका आली: एवढ्या तापात हा जगला कसा? डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर घरीच बसा म्हणाले.

असो. हे पत्र निव्वळ खुशालीचं, मागणं काही नाही. आत्याला नमस्कार.

तुमचा ओला भाचा

ता.क. इथले डॉक्टर तार वितळवणारा ताप लिहून द्यायला तयार नाहीत. तुम्ही शिक्क्यासकट दाखला धाडाल का? तुम्ही गुराढोरांचे डॉक्टर आहात हे मी इथे कुणाला बोललेलो नाही.

ता.क. दुसरा: तुमच्या दाखल्यावर रुग्णाच्या जागी 'बैल' छापलेलं असतं, तेवढं खोडा.

ता.क. तिसरा: घाईत खोडायचं राहिलं तरी पाठवाच. नियमसाहेब मला रोज त्याच नावाने हाक मारतात.