विष आढळले नाही

मोखाडा, १४ ऑगस्ट १९५१

पाऊस. पोशेऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून म्हातारीचे प्रेत डोलीतून आले. दुपारपर्यंत शवविच्छेदन उरकले. जठर, यकृत, मूत्रपिंड, सगळे बरण्यांत, मिठाच्या पाण्यात. मोहोर करायची लाख सादळलेली, वितळेना. शेवटी स्टोव्ह पेटवला. आमचे कंपाउंडर दामूअण्णा बरणी धरून भिंतीकडे तोंड करून उभे. या गृहस्थाला नोकरी लावली कुणी, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा पडतोच.

फौजदारांचे म्हणणे, सुनेने विष घातले. सून जानी. पडवीत बसवून ठेवली होती, पदराचे टोक चावत. माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

जठरात रानातल्या कडू कंदाचे काप. नीट चावलेलेही नाहीत.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. भाषण लांबले, माझे लक्ष नव्हते. परत येताना चौकीवर गेलो, जानीशी बोललो. तिने एकदम सगळे सांगितले.

घरातली नागली संपलेली. कंद खणून आणला, काप केले, राखेच्या पाण्यात उकडले, टोपलीत भरून ओढ्याच्या धारेत ठेवले. इकडे सगळेच असे करतात. वाहत्या पाण्यात रात्रभर राहिला की कडूपणा आणि विष दोन्ही जाते. पण ओढ्याला लोंढा आला. टोपली वाहून जाईल म्हणून तिने ती काठावरच्या डबक्यात सरकवली. पाणी साचलेले, विष तिथल्या तिथे. पोरांनी पहिला घास थुंकला. तिनेही थुंकला. म्हातारीच्या तोंडाला तंबाखूने चव उरली नव्हती, आणि भूक होती. जानी हंडा घेऊन पाण्याला गेली होती. परत येईतो म्हातारीने थाळी पुसून खाल्लेली.

"सगल्यांनी थुकला, डोकरीलाच कसा खाव दिला, असा इचारतात," म्हणाली. याच प्रश्नावर फौजदारांचा सगळा खटला उभा आहे.

१७ ऑगस्ट

शिपाई बरण्या घेऊन मुंबईच्या प्रयोगशाळेकडे रवाना. एस.टी. जव्हारपर्यंत तरी जाते की नाही, देव जाणे. जव्हारचे संस्थान होते तेव्हा तिकडच्या असल्या प्रकरणाचा निकाल तिथेच लागायचा. बरा की वाईट, ते वेगळे. आता मोखाड्याच्या म्हातारीचे पोट मुंबईला उघडणार.

सोबतच्या पत्रात कडू कंदाचा संशय ठळक लिहिला. फौजदारांना आवडले नाही. त्यांना सोमल नाहीतर धोतरा हवा आहे.

२३ ऑगस्ट

जीव थाऱ्यावर नाही. पेशंट तपासता तपासता कान रस्त्याकडे. बदलीचा अर्ज पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. जानी अजून कोठडीत. पोरे तिच्या नणंदेकडे.

२७ ऑगस्ट

मुंबईहून विचारणा. हा कंद कोणता, नमुना पाठवावा, यातल्या विषाची ठरीव परीक्षा आमच्याकडे नाही. प्रामाणिक लोक आहेत. मला मात्र उगाचच त्यांचा राग आला.

जानीचा नवरा काळू निरोप मिळताच कंद घेऊन आला. भिजून चिंब. बायको कशी आहे तेवढेही विचारले नाही. चौकीच्या बाजूने मात्र दोनदा जाऊन आला, ते मी खिडकीतून पाहिले.

अर्धा कंद पाठवला. उरलेल्यातला एक काप उकडून, साचल्या पाण्यात ठेवून जिभेवर धरला. ओठ बधिर, घसा जळजळला, मळमळ. दामूअण्णा म्हणाले, नोकरी सोडायची तर राजीनामा द्यावा, हे कशाला. पहिल्यांदाच त्यांचे काही पटले.

४ सप्टेंबर

अहवाल आला. सोमल नाही, अफू नाही, धोतरा नाही. "विष आढळले नाही." कंदाबद्दल एकच ओळ: माल कुजलेला, निश्चित सांगता येत नाही.

फौजदार कागद उलटापालटा करून पाहत होते. संध्याकाळी जानीला सोडले. मी दामूअण्णांना दुप्पट साखरेचा चहा पाजला. किती दिवसांनी भूक लागली! जानी पाया पडली आणि पाड्याच्या वाटेला लागली. धावतच होती म्हणा ना.

७ सप्टेंबर

जानी परत आली. कपाळाला खोक, दगडाची. टाके घातले.

पाड्यावरच्या भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकून कौल पाहिला. पाड्यावर आता म्हणतात, मुंबईच्या यंत्रालासुद्धा विष सापडले नाही, म्हणजे विष नव्हतेच. मग म्हातारी मेली कशाने? नजरेने. सून भुताळी, म्हणजे चेटकीण. पोरांना नणंदेने दारापर्यंतही येऊ दिले नाही. काळू ओट्यावर मान खाली घालून बसला होता, म्हणे.

माझाच अहवाल. मीच मागवलेला, मीच चौकीवर सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून दाखवलेला. लाज वाटते आणि चीडही येते, कुणावर ते कळत नाही.

टाके झाल्यावर म्हणाली, "सायेब, लिवून द्या का ईख होता."

विष होते असे लिहिले तर फौजदार पुन्हा धरतील, तुरुंगात जाशील, मी म्हणालो.

"तुरुंगातून मानूस घरी येतो. भुताळी कुठं येल?"

खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिलो. मुंबईला आढळले नाही ते आढळले, असे खोटे लिहिता येत नाही. खरे लिहिले त्याचा हा परिणाम.

८ सप्टेंबर

उरलेला कंद उकडून निम्मा टोपलीत ओढ्याच्या धारेत ठेवला, निम्मा परातीत पाण्यात घातला आहे. पाणी बदललेले नाही. डबके ते हेच.

बेत असा. उद्या मोखाड्याचा बाजार. पाड्यावरचे सगळे येतील, भगतही येतो. सगळ्यांदेखत मीच खायचा, थोडासाच. त्यांनी म्हातारीचे ओठ पाहिले आहेत, ओकाऱ्या पाहिल्या आहेत. तेच माझे होताना पाहू देत. मग टोपलीतला, धारेत ठेवलेला, तोही खायचा, काही होत नाही ते दाखवायला. दामूअण्णांना ओकारीचे औषध तयार ठेवायला सांगितले. ते हो म्हणाले आणि देवळात जाऊन बसले.

जानी दवाखान्याच्या पडवीत राहते आहे. तिला बेत सांगितला. तिने परातीकडे पाहिले.

"तुमी जगला तं म्हनतील, कंद चांगलाच होता, डोकरी नजरेनंच गेली," ती म्हणाली. "मेला तं म्हनतील, हिनं डाक्टर बी खाल्ला."

हे मुंबईलाही विचारता येणार नाही.

काळू आला आहे. सांगितले कुणी, ठाऊक नाही. पडवीच्या पायरीवर बसला, तिच्यापासून हातभर लांब. त्याने पहिल्यांदा तोंड उघडले, माझ्याकडे न बघता. "मी खातो. माझी आय व्हती."

जानी उठली आणि परात घेऊन आत गेली. कंद फेकून देईल म्हणून कान लावून बसलो आहे; पाणी ओतल्याचा आवाज अजून आलेला नाही.