टिनावरचे गोटे

३ मे
आज वाऱ्यात घराच्या टिनानं शिट्टी मारली. समीक्षा, माही नात, बुलढाण्याले कॉलेजात सायन्स शिकते; सुट्टीत आली हाय. म्हणे, आजी, टिनाचे हूक ढिले झाले, फटीत वारा घुसते म्हणून वाजते. मी फटीत जुनं लुगडं कोंबलं. शिट्टी बंद. झालं सायन्स.

६ मे
शिट्टी नाई. आता घुमते. जमिनीतून आल्यासारखं. शेजारची बनाबाई म्हणे, काय वो माय, टिनावर जातं मांडलं का? तिच्या घरी वारा बी जायले भेते, तिले काय समजते! गजेंद्र म्हणे, आई, वेल्डरले बोलावतो. मी म्हटलं, पोरा, हात हायेत ना तुले? चार मोठे गोटे वर चढवाले लावले. उद्यापासून शांतता.

९ मे
शांतता नाई. समीक्षानं कागद धरून वरून फुंकर मारली. कागद वर उचलला. म्हणे, वरून वारा जोरात गेला का टिन असंच वर ओढल्या जाते, विमान बी असंच उडते. मी म्हटलं, कागदावर गोटा ठेव. तिनं कागद घडी करून ठेवला. पटलं असन.
आणखी सहा गोटे.

१२ मे
वारा नाई तरी टिन खालीवर होते. दम लागल्यावानी. उन्हानं होत असन. एक गोटा हातभर सरकला. पोरायनं सरकवला असन. वर कोणी चढलं नोतं म्हणा.
समीक्षानं बाज उचलली, बनाबाईच्या घरी गेली. मांगून सून रुपाली, मंग गजेंद्र. म्हणे, आई, तू बी चाल वो, पाया पडतो. मी म्हटलं, गोट्यायले कोण पाहीन?
घर मोकळं झालं. बरं वाटते.

१४ मे, दुपार
सातपुड्याकडून वावधान उठलं, धुळीचं वादळच. टिन लय वाजलं. आता एकदम चूप. बसलं वाटते जाग्यावर. जराक पडते

१९ मे, दवाखाना
टिन गावाबाहेर जनकाबाईच्या वावरात सापडलं म्हणे. गोटे घरातच पडले. एक माह्या पायावर. दोन हाडं मोडली.
समीक्षा उशाशी बसते. एक शब्द बोलत नाई. बोलली असती तर बरं झालं असतं.
बाजेच्या बरोबर वर पंखा हाय. फिरतानी हलते. काल खटखट होती, आज घरघर. नर्सले म्हटलं, बाई, याचा नट ढिला हाय, आवाज तं ऐक. ती म्हणे, आजी, तो तसाच वाजते, काई होत नाई, झोपा.
मले कुशीवर बी होता येत नाई.