दगडाचा दुसरा भाग

२ जाने., गुरु.
वर्षाच्या माहेराहून, गुहागरहून परत. किनाऱ्यावर शिंपल्यांनी खचाखच भरलेला दगड सापडला होता. फोटो जीवाश्म गोळा करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. सरांचं (भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ग्रुपचे सर्वेसर्वा) उत्तर एका ओळीत: "वाळू-शिंपले चिकटून झालेला अलीकडचा दगड. जीवाश्म नव्हे." उन्हात वाकून वाकून कंबर गेली ती कशासाठी?

४ जाने., शनि.
चाकण, फर्स्ट शिफ्ट. कँटीनमध्ये तापकीर म्हणाला, "भावा, दगुडच पायजे तर आमच्या रानात चल की. ढिगानं हाय." सगळे हसले. मीही हसलो, पण डोक्यात गेलं. क्वालिटीत बसून दिवसभर लोकांचे पार्ट रिजेक्ट करायचे आणि घरी येऊन आपलेच रिजेक्ट झालेले बघायचे. एक, फक्त एक अस्सल जीवाश्म माझ्या हाताला लागू दे.

९ जाने., गुरु. सुट्टी.
लागला!! देहूरोडच्या पुढची देवीची टेकडी. देवळामागे उंबराखाली, पाल्यात. काळा दगड, मधोमध फुटलेला, आत गोल गोल वळलेला शंख. अमोनाइट! कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीव. वर्षाला दाखवला. क्षणभर बघितलं, "ठेवा कुठेतरी," म्हणाली आणि आत गेली. हिला कशाचं म्हणून कौतुक नाही.

१० जाने., शुक्र.
सर: "अमोनाइटच आहे, उत्तम. पण आपले डोंगर लाव्हाचे. त्यात समुद्रातला प्राणी कुठून येणार? कुठून विकत घेतलात?"
विकत! सगळ्या ग्रुपसमोर! लिहिलं, देवाशपथ टेकडीवर सापडला. त्यावर, "मग दुसरा अर्धा भागही तिथेच असेल. तो आणा, मी स्वतः जागा बघायला येईन."
आणतोच.

१६ जाने., गुरु.
उंबराखालचा सगळा पाला उपसला. फुटक्या काचांच्या तसबिरी, सोंड गेलेला गणपती, जुन्या पणत्या. घरातला देव भंगला की लोक इथे आणून ठेवतात. दगडाचा पत्ता नाही. हाताला काच लागली ती वेगळीच.

१९ जाने., रवि.
वर्षावर उगाच ओरडलो. भाजीत मीठ बरोबर होतं. म्हटलं, त्या माणसाने मला खोटारडा ठरवलंय, तुला काही वाटतं का? ती पोळ्या लाटत राहिली.

२३ जाने., गुरु.
सकाळी बूट घालत होतो. वर्षा दारात आडवी. "अहो, जाऊ नका. तिथे नाहीये तो."
बाल्कनीत गेली, तुळशीच्या कुंडीत हात घातला, मातीतून तुकडा काढला.
आईचा शाळिग्राम. आजोबांनी नेपाळातून, गंडकी नदीवरून आणलेला. दिवाळीच्या साफसफाईत वर्षाच्या हातून फरशीवर पडला, दोन तुकडे झाले. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होते? एक देवीपाशी ठेवून आले. दुसरा काही हातातून सुटेना."
देवघरातली त्याची जागा तेव्हापासून रिकामी, आणि माझ्या लक्षातही नाही. लहानपणापासून बघितला तो गुळगुळीत काळा गोटा. देवाच्या आत काय आहे हे कोण कशाला बघतं?
दोन्ही तुकडे जुळवले. अगदी बरोबर बसले. आधी राग आला, मग त्याला चंदन लावणारी आई आठवली आणि रडूच आलं. वर्षा तर केव्हाची रडत होती.
म्हणजे शंख गंडकीचा, टेकडीवर समुद्र वगैरे काही नाही. सरांचंच खरं. हे जास्त लागलं.

२४ जाने., शुक्र.
सेकंड शिफ्ट. वर्षा म्हणते भंगलेला देव देवघरात नको, नदीत सोडायलाही नको. सध्या दोन्ही तुकडे तुळशीपाशी ताटलीत.
सरांचा मेसेज: "मिळाला का दुसरा भाग?"
"मिळाला," लिहिलं आणि पाठवलं. खोटं काय आहे त्यात?
लगेच उत्तर: "शाब्बास! माफ करा, शंका घेतली. गुरुवारी येतो, जागा दाखवा."
वर्षाने कुणाचा मेसेज म्हणून विचारलं. वाचून दाखवला. म्हणाली, "मग टेकडीवर नेणार त्यांना, की बाल्कनीत?"
डबा उचलून निघालो. कंपनीच्या बसची वेळ झाली होती.