गुरुलिंगचा मॅनेजर

१० जून १९३४, रविवार
निर्णय झाला. कोर्टात नकला उतरवण्यासाठी माझा जन्म नाही. आजपासून मी गुरुलिंगचा मॅनेजर. गुरुलिंग मंगळवार पेठेत कापडाच्या दुकानात कापड मोजतो आणि फावल्या वेळात गातो. आवाज त्याच्याकडे आहे, डोकं माझ्याकडे. गाण्याच्या धंद्यात टंचाई डोक्याची. त्याला हे नीट समजावलं. म्हणाला, "मला गाता येतंय, बाकीचं तुमी बघा की, यज्ञेश्वरराव." अशीच माणसं पुढे येतात.

१३ जून
गुरुलिंग हे नाव रेकॉर्डवर शोभणार नाही. 'पंडित गुलाबरंग' ठरवलं. त्याने ते नाव दोनदा हळूच म्हणून पाहिलं. आनंद पचायला वेळ लागतोच.
हँडबिलं छापायला टाकली. व्यवहार माझ्याशी होणार म्हणून माझं नाव जरा ठळक. छापखानेवाल्याने विचारलं, यातलं गाणारं कोण?

१९ जून
धंद्याचं पहिलं तत्त्व : कलावंत सहज मिळता कामा नये. म्हणून कालच्या सोमवारच्या भजनाला त्याला जाऊ दिलं नाही. आज त्याची आई चंद्रव्वा दारात. "पोराचा घसा बसलाय काय? घरात डब्यावर ताल धरतंय, तोंड उघडंना." म्हणालो, घसा बसला नाही, भाव चढतोय. ती माझ्या बायकोकडे, प्रेमलाकडे बघत राहिली. प्रेमला चुलीकडे.

२९ जून, शुक्रवार
विरुपाक्षशेटजींच्या मुलीच्या लग्नात गाणं हवंय म्हणून माणूस आला. 'पंडितजी बुक आहेत' असं सांगून परत पाठवला. पहिल्या बोलावण्याला हो म्हणायचं नसतं. परवापर्यंत स्वतः शेटजी येतील.

३ जुलै
आले नाहीत. लग्नात बार्शीचा कोणी गायला. लोक खूश होते म्हणे. लोकांना काय कळतं.
गुरुलिंगने विचारलं, "मी कुटं बुक होतो?" धंदा समजावून सांगितला. समजला असावा, कारण लगेच कापड मोजायला लागला.

८ जुलै, रविवार
मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरलाय. नवे आवाज शोधतोय. उद्या सकाळी आम्हाला बोलावलंय. गुरुलिंगला बजावलं, मी खूण करेपर्यंत सूर काढायचा नाही.

९ जुलै
मुलाखत उत्तम. रॉयल्टी, फोटो, रेकॉर्डच्या दोन्ही बाजू, फर्स्ट क्लासचं तिकीट, सगळं मुद्देसूद मांडलं. साहेब इतके भारावले की मधे एक शब्द बोलले नाहीत. फक्त घड्याळ पाहिलं. गुलबर्ग्याची गाडी गाठायची होती. गाणं तेवढं राहून गेलं. हरकत नाही, ते कधीही ऐकता येतं. तबलजी रेवणसिद्ध सगळा वेळ डग्ग्यावर हात ठेवून बसून होता.
बाहेर पडल्यावर गुरुलिंग म्हणाला, तंबाखू संपलीय, तुमी व्हा पुढं. रेवणसिद्धही तंबाखू आणायला गेला. तबल्यासकट. दोघं स्टेशनच्या बाजूला वळले. तिकडे तंबाखू चांगली मिळत असेल.

२१ जुलै, शनिवार
गुरुलिंग मुंबईला चाललाय. मावशी आजारी आहे. योगायोग असा की रेवणसिद्धची मावशीही तिथेच आजारी. मुंबईची हवाच वाईट. गळा जप, कुठे फुकट गाऊ नकोस, असं सांगितलं. निघताना वाकून नमस्कार केला, डोळे ओले होते. मावशीवर फार जीव दिसतो.

५ ऑगस्ट
कंपनीकडून काही नाही. मोठे करार सावकाशच होतात.
कोर्टात बोलणी खाल्ली. शेताच्या वाटणीच्या हुकमाच्या नकलेत 'रेकॉर्डच्या दोन्ही बाजू' असे शब्द आले. दोन्ही पक्षांचे वकील येऊन गेले.

४ नोव्हेंबर, रविवार
दिवाळीच्या खरेदीला प्रेमलाबरोबर बाजारात. ग्रामोफोनच्या दुकानापुढे गर्दी. प्रेमला थांबली. म्हणाली, "गुरुलिंगभाऊजींचा आवाज." म्हटलं, शक्य नाही, तो मला विचारल्याशिवाय गात नाही. दुकानदाराला विचारलं. त्याने कव्हर दाखवलं. गुरुलिंग, सोलापूर. गुलाबरंग कुठेच नाही.
शेजारच्या माणसाला सांगायला लागलो की या गायकाचा मॅनेजर म्हणजे... तो म्हणाला, "गप ऱ्हावा की राव. ऐकू द्या." गप्प राहिलो. दुकानदाराने रेकॉर्ड पुन्हा लावली. इतक्या महिन्यांत त्याचं गाणं मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. मधे एके ठिकाणी तो इतका वर गेला की प्रेमलाने माझी बाही धरली.
दुकानदाराने विचारलं, "तुमच्या वळखीचे हायत का?" मी तोंड उघडण्याआधी प्रेमलाच म्हणाली, "आमच्याकडे जेवायला यायचे."
मी मान हलवली.
"मग एक घेऊन जावा की," तो म्हणाला.
आमच्याकडे ग्रामोफोन नाही. घेतली.