वाळूखालची वाम

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळची सफारी परतली. वाघ दिसला नाही म्हणून सगळे पाहुणे तोंड पाडून रिसॉर्टच्या रिसेप्शनमध्ये आले आणि मी सांभाळतो त्या माशांच्या टाकीसमोर उभे राहिले. "इसमें क्या है?" मी सांगितलं, वाम, सापासारखी लांब मासळी. दोन आहेत. "कहाँ?" वाळूत. "दिखेगी कब?" ते त्या ठरवतील!

म्हणजे मोहर्लीच्या जंगलात न दिसणारे प्राणी आता दोन जातींचे झाले. एकाचं तिकीट लागतं, दुसरा फुकट.

१३ नोव्हेंबर

मॅनेजर पुण्याचे आहेत. "टाकीत नुसतं गवत वाढवलंयस," म्हणाले. ते गवत नाही. त्या पाणवेली आहेत. गावच्या तलावातून आणून, धुऊन, एकेक वेल मी हाताने रोवली आहे. पण तोंडाने "हो सर" म्हणालो. बोलायचं असतं ते इथे लिहितो. वहीला कुणी कामावरून काढत नाही.

टाकीवर पेंटरने 'मत्सालय' लिहिलं होतं. मी गपचूप 'मत्स्यालय' केलं. दहावी नापास माणसाने! कुणाच्या लक्षात आलं नाही.

मॅनेजरांचं एक खरं आहे— रंगीत टेट्रा मासे कमी झाले आहेत. चंद्रपूरचा दुकानदार म्हणाला होता, "सगळे मिळून राहतात." राहतात ना. काही पाण्यात, काही वामींच्या पोटात.

१५ नोव्हेंबर

एक वाम गेली.

झाकणाला वायरसाठी बोटभर फट होती. मीच ठेवली होती. वाम सोफ्याखाली सापडली, सुकून दोरी झालेली. किचनमधल्या गोकुळाबाईंनी शेपटीला धरून पाहिली. "काल सांगतला असता त रस्सा केला असता ना, प्रफुल. आता काय, बुटाची नाडी कर." मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. चहा आणून दिला. साखर दुप्पट होती.

फटीत स्पंज कोंबला. तपासला. पुन्हा तपासला. जेवता जेवता उठून परत एकदा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी जंगल बंद. पाहुणे रिसेप्शनमध्ये पडून. गाइड धनराजभाऊही रिकामे. त्यांनी टाकीसमोर खुर्ची ओढली आणि सुरू झाले— "आवाज नाई... थे पाहा, पानं हलून राह्यली... जवळच हाय..."

पानं फिल्टरमुळे हलतात! पण सगळी मंडळी श्वास रोखून बसली. एकाने दुर्बीण लावली. टाकी दोन हातांवर.

आणि तेवढ्यात वाळूतून नाक वर आलं. खरंच! टोकदार, थरथरणारं, मागे दोन बारीक डोळे. पाहुणे फोन काढेपर्यंत परत खाली.

धनराजभाऊ माझ्या कानात— "अबे, मी त मस्करी करून राह्यलो होतो!"

बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लगेच भीती वाटली.

२० नोव्हेंबर

भीती बरोबर होती. २९ तारखेला मालक येणार, सोबत त्यांचे खास पाहुणे. मॅनेजर म्हणाले, "तोपर्यंत मासा दिसला पाहिजे. नाहीतर टाकी काढून कारंजं बसवू. कारंज्याला माणूस लागत नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे न बघता.

उपायही त्यांनीच काढला. वाळू काढायची, निळे दगड टाकायचे. "लपायला जागाच नको." वाघ दिसावा म्हणून जंगल तोडायचं अजून कुणाला सुचलं नाही, नवल आहे.

मी म्हणालो, वाळू नसली तर तिचं अंग सोलून निघेल. म्हणजे वहीत म्हणालो. तिथे— "हो सर."

२२ नोव्हेंबर

दगड टाकले. कडा काचेसारख्या आहेत. मीच टाकले, दुसऱ्या कुणी नाही.

ती नाक खुपसते. जागा नाही. थोडं पुढे जाऊन पुन्हा खुपसते.

२४ नोव्हेंबर

दिसते! सगळ्यांना दिसते! फोटो निघाले. मॅनेजरांनी पाठ थोपटली. त्यांच्या मते मी हुशार आहे, फक्त सांगावं लागतं.

दिवसाढवळ्या उघड्यावर पडलेली वाम धड नसते. हे मला माहीत आहे. पाठ थोपटून घेतानाही माहीत होतं.

घरी बाबांना सांगितलं. ते तलावात जाळं टाकतात, दोन्ही वामी त्यांनीच दिल्या होत्या. घास हातात तसाच ठेवून म्हणाले, "मी खायाले मारतो बे. तू दाखवाले मारून राह्यला."

मला जेवण गेलं नाही. त्यांना गेलं.

२७ नोव्हेंबर

पोटावर पांढरा चट्टा. कापूस चिकटल्यासारखा. थोडं मीठ टाकलं, पाणी बदललं. गांडुळाला तोंड लावत नाही. पाहुणे खूश.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मालक आले. ती दगडांवर आडवी होती, कल्ले धापा टाकत होते. "वाघाने नाही तर हिने तरी दर्शन दिलं!" मालक म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांनी काचेवर अंगठी वाजवली. ती हलली नाही. "किती शांत आहे ना," एक बाई म्हणाल्या.

मी बादली कधी आणली ते आठवत नाही. बाही वर केली, हात घातला. पाठीचे काटे तळव्यात घुसले.

"अरे, काय करतोस?" मॅनेजर ओरडले.

"नेतो सर."

"कुठे?"

"घरी."

"मग तूही घरीच राहा!"

"हो सर," मी म्हणालो.

गेटपर्यंत गोकुळाबाई धावत आल्या, हातात पातेल्याचं झाकण. "हे बी पळाली त?"

३० नोव्हेंबर

अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात नाल्याची बारीक वाळू चाळून टाकली. ती वाळूवर पडून आहे. आत जात नाही. गांडुळं तशीच वळवळत आहेत.

आईने विचारलं, कामावर काऊन नाई गेला? मी म्हणालो, सीझन संपला. नोव्हेंबरमध्ये! आईने माझा डबा परत फळीवर ठेवला. म्हणजे कळलं.

बाबा येऊन पाहून गेले. "मेली त कापू." थोड्या वेळाने पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा हातात तलावातल्या पाणवेली होत्या. टाक्यात सोडल्या आणि निघून गेले.

३ डिसेंबर

वाम दिसत नाही. गांडुळंही नाहीत.