भुताला घरात घ्या

आबा,

जिवंत असून ज्यांना घरच्यांनीच मेलेलं ठरवलं, त्या सगळ्यांचं गाऱ्हाणं आपल्या घराला ठाऊक आहे. गोदीच्या कामाला गेलात, बोट बुडाली, तुम्हीही बुडालात असा निरोप आला. भावकीनं दर्भाचा पुतळा जाळला, दहावा केला, आईचं कुंकू पुसलं. आणि काही वर्षांनी तुम्ही उत्रोलीच्या वाटेनं चालत आलात! दिवस घातलेला माणूस घरात कसा घ्यायचा, म्हणून थोरल्या काकूनं तुम्हाला गोठा दाखवला. आई भाकरी बाहेर ठेवून मान फिरवायची. मला तर तुमच्याशी बोलायचीही बंदी.

त्या उन्हाळ्यात भोरला तंबूत विलायती बोलपट आला. सगळी आळी गाड्या जुंपून गेली. तुम्ही मागं, कनातीपाशी एकटे. पडद्यावर स्मशानातून उठलेला एक माणूस चालतो आहे. कुणाचं वाईट करत नाही. एका खिडकीतून आत जेवणाऱ्या माणसांकडे बघत नुसता उभा राहतो. माणसं काठ्या घेऊन धावतात. इंग्रजीचं एक अक्षर कुणाला कळत नाही, तरी बायका डोळे पुसताहेत. तेवढ्यात काकू उठून पडद्यावर खेकसते, "मारता काय रं मुडद्यांनो? भुकेलं हाय ते! घरात घ्या की त्येला!"

मागून तुमचा आवाज येतो, "वैनी, मग मला कवा घेताय?"

तंबू हसला. काकू हसली नाही. परतताना गाडीतून मागं वळून म्हणाली, "भावजी, त्यो तर खरंच मेल्याला. तुमी तर बुडाला बी न्हाई."

दुसऱ्याच दिवशी तिनं भटजींना गाठलं. तोड शास्त्रातच होती: क्रिया झालेला माणूस परतला, तर तो नव्यानं जन्मला असं धरायचं. मग तुमचं बारसं झालं. पाळण्यात पाय मावेनात, मिशा बघून बायकांना हसू आवरेना. मग आईशी पुन्हा लग्न लागलं, आणि आईबापाच्या लग्नात मी करवली!

जिवंत माणसाला जिवंत ठरवायला पाळणा कशाला, असं मी आज सभांमधून विचारते. पण त्याच पाळण्यानं मला बाप परत दिला, हेही खरं.

आता शेजारच्या गावात ब्रह्मदेशच्या लढाईतून एकजण परतलाय. मेल्याची तार आधीच आली होती. त्यालाही गोठ्यात ठेवलंय. त्याची बायको भिंतीआडून त्याचा खोकला ऐकते. उद्या तिथं मला बोलायचंय. एवढी पुस्तकं वाचली, तरी काकूच्या 'घरात घ्या की त्येला!'पेक्षा वरचढ वाक्य सापडत नाही. तुम्ही तर आता खरंच गेलात, हे पत्र तुम्हाला कुठं धाडू? कबूल करते, पडद्यावरच्या त्या भुताचा चेहरा आठवला की अजून मी दिवा मोठा करते. बोलायचं तेवढं इथंच लिहून ठेवते:

गावकऱ्यांनो, बारसं भटजींना सवड होईल तेव्हा होईल. तुम्ही आत्ता उठा, गोठ्यात जा आणि त्याचा हात धरून त्याला घरात आणा.